शेजारी फेजवाइज प्रोजेक्ट येतोय? मंजुरीच्या आधी आपला मुद्दा कागदावर कसा आणायचा

मोकळ्या जागेला पत्रे लागले की पहिलं काम म्हणजे तिथला बोर्ड शोधायचा आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, प्लॉटचं क्षेत्र, आर्किटेक्टचं नाव, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) नंबर आणि तारीख, महारेराचा (घरांच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर आला असेल तर तोही. आपल्याकडे काय होतं की सोसायटीच्या ग्रुपवर "किती मजले होणार, आमचा उजेड जाणार का" यावर शंभर मेसेज पडतात आणि सर्व्हे नंबर कोणालाच माहीत नसतो, मग महापालिकेत गेलं की टेबलावरचे साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात आणि आपला अर्धा दिवस रजा टाकून हात हलवत परत यायचं. माझं असं दोनदा झालंय, म्हणून सगळ्यात आधी हे लिहिलं.

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जी ११ गावं महापालिकेत आली त्यातलं हे एक. फ्लॅट बुक केला तेव्हा लेआउटवर तीन फेज आणि मधून जाणारा १८ मीटरचा रस्ता होता. फेज १ भरली, फेज २ भरली, आणि रस्ता ज्या जागेतून जायचा ती जागा फेज ३ ची, जिथे अजून काँग्रेस गवत आहे. म्हणजे दोन फेजची सगळी माणसं जुन्या गावातल्या गल्लीतून ये-जा करतात. स्कूल बस आत येत नाही. सकाळी पावणेसातला पोरं दप्तर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जातात, नेमका तेव्हाच टँकर रिव्हर्स घेत असतो, क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर हात आपटत "येऊ दे, येऊ दे" ओरडत असतो आणि आया पोरांना ओढून गवतात उभं करतात. हे रोज बघते मी.

आणि कागद काढून बघितले तर कोणी खोटं बोललेलं नव्हतं. रस्ता नकाशात होता. फक्त तो कधी करायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फेजवाइज प्रोजेक्टची सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. फ्लॅट आधी, सोयी शेवटच्या फेजला, आणि शेवटची फेज बाजार बघून. म्हणून खाली जे काय लिहितेय ते एकाच गोष्टीसाठी आहे: कुठली सोय कुठल्या फेजच्या भोगवटापत्राआधी (इमारत वापरायला मिळणाऱ्या दाखल्याआधी) पूर्ण झाली पाहिजे, हे परवानगीच्या अटींमध्ये लिहून यायला हवं. बांधकामच नको असं माझं म्हणणं नाही, घरं लागतात लोकांना, आम्हीपण तशाच घरात राहतो.

विषय नक्की कुठे जातो

बऱ्याच लोकांना वाटतं की एवढा मोठा प्रोजेक्ट म्हणजे मुख्य सभेत येईल, नगरसेवक चर्चा करतील, मतदान होईल. तसं होत नाही. बांधकाम परवानगी एमआरटीपी कायद्याखाली, म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, त्याखाली आयुक्तांच्या अधिकारात बांधकाम विकास विभाग देतो. त्यासाठी शेजाऱ्यांना नोटीस जात नाही, पेपरात जाहिरात येत नाही, हरकतीची मुदत वगैरे काही नाही. नियमात बसतंय का एवढं बघायचं आणि सही. शिवाय ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूदपण कायद्यात आहे, त्यामुळे "बघू, दिवाळीनंतर पत्र देऊ" असलं चालत नाही.

मुख्य सभेत किंवा महापालिकेच्या समित्यांत येतात ते आजूबाजूचे विषय, आणि खरं तर मोठ्या प्रोजेक्टचं भवितव्य बऱ्याचदा त्यातच ठरतं. विकास आराखड्यातला बदल, म्हणजे एखाद्या जागेवरचं आरक्षण उठवणं किंवा झोन बदलणं, हे कलम ३७ खाली येतं. रस्त्याची रुंदी ठरवणं हे महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली. शाळा, मैदान अशा सोयींसाठी बिल्डरकडून ताब्यात आलेल्या अ‍ॅमेनिटी स्पेसचं काय करायचं तेही. २०२१ मध्ये अ‍ॅमेनिटी स्पेस लांबच्या मुदतीने भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता तेव्हा शहरात केवढी ओरड झाली ते आठवत असेल. त्याच्या आधी २०२० ला ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा विषय आला होता, तोही वरवर बघितला तर नुसता रस्त्यांचा विषय.

रस्त्यांचा का नाही ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे युनिफाइड डीसीपीआर लागू आहे, मुंबई वगैरे सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली. त्यात किती बांधायचं हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरच्या खाली असेल तर बेसिक १.१ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम, बस. ९ मीटर झाला की प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून २ पर्यंत, आणि ३० मीटरच्या पुढे ३ पर्यंत. त्यावर राहण्याच्या इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा अ‍ॅन्सिलरी वेगळा. म्हणजे गल्ली कागदावर तीन मीटरने रुंद झाली की प्लॉटची ताकद दुपटीच्या आसपास जाते. म्हणून विषयपत्रिकेत रस्ता रुंदी, कलम २१०, कलम ३७, सर्व्हे नंबर अमुक, असं काही दिसलं की तो विषय कंटाळवाणा म्हणून सोडू नका, आपला सर्व्हे नंबर त्यात आहे का बघा.

अजून एक. आपली जागा नक्की कोणाच्या अखत्यारीत आहे ते आधी विचारून घ्या. ३० जून २०२१ ला २३ गावं आली तेव्हा हद्द महापालिकेची आणि नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) असा प्रकार झाला होता, आणि उरुळी देवाची, फुरसुंगी तर आत येऊन परत वेगळी नगरपरिषद झाली. चुकीच्या ऑफिसला दिलेलं चांगलं पत्रही वाया जातं.

कागद मिळवायचे कुठून

महारेराच्या साइटवरून सुरुवात करा, फुकट आहे आणि घरबसल्या होतं. ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉट किंवा आठच्या वर फ्लॅट असले की नोंदणी लागते, आणि कायद्यात प्रत्येक फेज हा स्वतंत्र प्रोजेक्ट मानलाय, म्हणून प्रत्येक फेजचा नंबर वेगळा. जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड टाकावा लागतो, तो स्कॅन केला तरी चालतं. आत मंजूर लेआउट, सीसी, पूर्ण करायची तारीख, दर तीन महिन्यांचे अपडेट असं सगळं अपलोड केलेलं असतं. सगळ्या फेजचे नंबर शोधून सगळे लेआउट डाउनलोड करा आणि तारखेप्रमाणे लावा. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला दिसलं की फेज १ च्या वेळच्या नकाशात जी बाग होती ती फेज २ च्या नकाशात सरकून फेज ३ च्या मागच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या कडेला गेलीय. क्षेत्रफळ तेवढंच, जागा वेगळी. नुसता एक नकाशा बघितला असता तर कळलंच नसतं.

मग परिवेश, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं केंद्र सरकारचं पोर्टल. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, २००६ ची अधिसूचना आहे, आणि १,५०,००० च्या वर गेलं की टाउनशिपच्या वर्गात जातं. ह्यात बेसमेंट, पार्किंग सगळं मोजतात, नुसता एफएसआय नाही. इथे फेजची बेरीज करायची. फेज १ अठरा हजार, फेज २ सतरा हजार, असं तुकड्यातुकड्याने दाखवून मंजुरीच घेतली नाही असं दिसलं तर तो मोठा मुद्दा आहे, कारण लेआउट एक, रस्ता एक, एसटीपी (मैलाशुद्धीकरण केंद्र) एक, तर प्रोजेक्टपण एकच. ह्या मंजुरीला जनसुनावणी नसते, बिल्डिंग प्रोजेक्टना त्यातून सूट आहे, पण अर्ज पोर्टलवर दिसतो तेव्हा राज्याच्या समितीला लेखी कळवता येतं. आणि अर्जाला जोडलेला जो मोठा रिपोर्ट असतो ना, त्यात पाणी किती लागणार, कुठून आणणार, कचरा किती, झाडं किती तोडणार, सगळं बिल्डरनेच लिहून दिलेलं असतं. आपल्याला ह्यापेक्षा चांगला पुरावा शोधून मिळणार नाही.

जे ऑनलाइन नाही त्यासाठी सोमवार. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत फायली बघू द्यायची पद्धत होती (आता चालू आहे का ते आधी विचारून घ्या), पुण्यात ती जुनी आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने जीआर काढून बाकीच्या कार्यालयांनाही लावली. ह्याला माहिती अधिकाराचा अर्ज लागत नसे. पण आधी संबंधित टेबलवर जाऊन फाइल कोणाकडे आहे ते विचारून या, नाहीतर तीन वाजता गेलात की "फाइल वरती सहीला गेलीय" हे ऐकून यावं लागतं. जाताना दोघंजण जा, एकाने पानं उलटायची, दुसऱ्याने वहीत पान नंबर आणि तारीख लिहायची. फाइलमध्ये नकाशापेक्षा टिपण्या वाचा. पाणीपुरवठा विभागाने काय लिहिलंय, पथ विभागाने काय, ड्रेनेजचं काय, अग्निशमनचं काय. आमच्या फाइलमध्ये पाणीपुरवठ्याच्या कागदावर "महापालिकेचे पाणी उपलब्ध होईपर्यंत विकसक स्वखर्चाने व्यवस्था करेल" अशा अर्थाचं हमीपत्र निघालं, आणि ते दोन फेजमधल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, सगळे तोपर्यंत टँकरचे पैसे मेंटेनन्समधून भरत होते.

कॉपी हवी असेल तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. अर्जात "प्रकल्पाची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, त्याला उत्तर देणं टाळायला सोपं पडतं. मंजूर लेआउट, सीसीच्या अटींचं पत्र, हमीपत्रं, आणि अमुक फेजचं भोगवटापत्र, असं एकेक नाव घेऊन मागा.

नकाशा हातात आला, आता काय बघायचं

मोठी प्रिंट काढा, ए३ तरी. मोबाइलवर नकाशा वाचायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे जोशीकाकू म्हणून आहेत, शिवणकाम करायच्या, त्यांनी टेप आणि रंगीत खडू घेऊन डायनिंग टेबलावर नकाशा असा वाचला की इंजिनीअर बाजूला राहिले. प्रत्येक फेजला एक रंग. मग रस्ता, बाग, अ‍ॅमेनिटी, एसटीपी, पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची जागा यांना आपापल्या फेजचा रंग द्यायचा. दहा मिनिटांत दिसलं की सगळ्या सोयी हिरव्या आहेत आणि हिरवी म्हणजे फेज ३. त्या एका कागदाचा फोटो पुढे नगरसेवकांना दाखवला तेव्हा एक शब्द समजावून सांगावा लागला नाही.

४,००० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, ती तिथल्या राहणाऱ्यांसाठी. अ‍ॅमेनिटी स्पेस वेगळी, ती महापालिकेला देतात, शाळा, दवाखाना, मैदान असल्या गोष्टींसाठी. लोक दोन्ही एकच समजतात आणि मग सेल्स ऑफिसवाला ज्या हिरव्या पट्ट्याला "आपलं गार्डन" म्हणतो ते उद्या महापालिकेचं काहीतरी होतं. आपल्यासारख्या मोठ्या शहरात ४,००० च्या वरच्या प्रोजेक्टला २० टक्के छोट्या घरांचं बंधन आहे, म्हाडाच्या लॉटरीत २० टक्के योजना म्हणून जी घरं येतात ती हीच. ती इमारत कुठल्या फेजमध्ये टाकलीय तेही बघा, शेवटच्या फेजला टाकली असेल तर त्या घरांची वाट बघणाऱ्यांचंही आपल्यासारखंच होणार.

रस्ता प्रत्यक्ष जाऊन मोजा. डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, २४ मीटर आणि जागेवर सहा मीटर ही पुण्यात रोजची गोष्ट आहे. एफएसआयचा हिशोब कुठल्या रुंदीवर केलाय, तो रस्ता ताब्यात आहे का, पथ विभागाला ताबा दिल्याची पावती आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

ओढा, नाला, नदी जवळ असेल तर निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने काय केलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या पहिल्या मजल्यापर्यंतच्या गोष्टींचं काय झालं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे ह्या मुद्द्यावर लाजायचं काही कारण नाही. नाला वळवलाय का, कल्व्हर्ट किती मोठा धरलाय, विचाराच.

झाडं तोडायची असतील तर झाडावर नोटीस चिकटवतात आणि हरकतीला फक्त ७ दिवस मिळतात. फिरायला जाताना खोडांकडे बघत जा.

पाण्याचं गणित स्वतः करा

हे मी सगळ्यांना करायला लावते कारण आकडा बोलतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हे मान धरतात आणि एका फ्लॅटला पाच माणसं. म्हणजे फ्लॅटमागे ६७५ लिटर. १,२०० फ्लॅट असतील तर दिवसाला ८,१०,००० लिटर. १०,००० लिटरचा टँकर धरला तर ८१ टँकर. बिल्डरचा माणूस म्हणेल की फ्लशला एसटीपीचं पाणी वापरणार, बरोबर आहे त्याचं, माणशी ४५ लिटर त्यातून वजा करा, तरी ५,४०,००० लिटर ताजं पाणी, ५४ टँकर. रोज ५४ टँकर येणार आणि ५४ जाणार, त्या सहा मीटरच्या गल्लीतून, पोरांच्या बसच्या वेळेला. आणि एसटीपी जर फेज ३ मध्ये असेल तर फेज १ आणि २ ला तोपर्यंत ती वजाबाकीपण करता येत नाही.

पाणी हा मुद्दा हलका नाही. २०१६ ला बाणेर-बालेवाडीत पाणीच पुरत नाही म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं आणि कोर्टाने तिथल्या नव्या बांधकामांना ब्रेक लावला होता. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही धरणं काठोकाठ भरली तरी सगळं मिळून २९ टीएमसीच्या आसपास आहे, त्यात शेतीचाही वाटा आहे, आणि शहर मात्र थांबत नाही.

पत्र

भावना थोड्या बाजूला ठेवून लिहा. "आमच्यावर अन्याय होत आहे" या वाक्याला फाइलमध्ये कोणी उत्तर देत नाही, "अट घाला" याला द्यावं लागतं. एका पत्रात तीन-चारच मुद्दे, प्रत्येकाला कागदाचा पुरावा. आमचं पत्र साधारण असं होतं:

"प्रति, मा. शहर अभियंता, बांधकाम विकास विभाग, पुणे महानगरपालिका. विषय: सर्व्हे नंबर अमुक, सुधारित लेआउटला मंजुरी देताना घालावयाच्या अटींबाबत. महोदय, सदर प्रकल्प तीन टप्प्यांत असून १८ मीटर रस्ता, मैलाशुद्धीकरण केंद्र व खुली जागा ही तिन्ही कामे तिसऱ्या टप्प्यात दर्शविली आहेत (सोबत रंगीत नकाशा). पहिल्या दोन टप्प्यांत नागरिक राहावयास आले आहेत. तरी विनंती की, १) तिसऱ्या टप्प्याच्या जोते तपासणीपूर्वी रस्त्याचा ताबा महापालिकेकडे द्यावा, २) तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या इमारतीच्या भोगवटापत्रापूर्वी मैलाशुद्धीकरण केंद्र कार्यान्वित असावे, ३) पाण्याबाबतचे हमीपत्र सर्व सदनिकाधारकांना देण्यात यावे. वरीलबाबत केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी."

बास, एक पान. सोसायटीच्या लेटरहेडवर, ठरावाची प्रत जोडून. एकेकट्याने पन्नास पत्रं देण्यापेक्षा आजूबाजूच्या चार सोसायट्यांची चार पत्रं जास्त चालतात. आवक-जावकला देऊन पोच घ्यायची, शिक्का आणि आवक नंबर नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा. प्रती पाणीपुरवठा, पथ विभाग, आपलं क्षेत्रीय कार्यालय आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना, चारही, पक्ष न बघता. आमच्या वेळेला नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक होते, जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, त्यामुळे आता तुमच्याकडे आमच्यापेक्षा एक दार जास्त उघडं आहे.

विषय कलम ३७ चा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेपरात आणि राजपत्रात नोटीस येते, हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो आणि सुनावणी होते. सुनावणीला तीन मिनिटंसुद्धा मिळतील न मिळतील, म्हणून जे बोलायचं ते आधी लेखी दिलेलं हवं.

मुख्य सभेत आपल्याला बोलता येत नाही, पास काढून गॅलरीत बसता येतं. खरं काम त्याच्या आधी आहे. विषय शहर सुधारणा समितीकडून येतो, तिथेच आपला मुद्दा पोचवा. नगरसेवकाकडे जाताना "विरोध करा" एवढंच सांगू नका, उपसूचना, म्हणजे प्रस्तावात सुचवायचा बदल, लिहून न्या, दोन ओळींची, जशीच्या तशी वाचता येईल अशी. सभेत विषय भराभर जातात, तयार कागद हातात असेल तर त्यांना ते सोपं पडतं. विषय एक महिना पुढे ढकलला गेला तर खुशीत येऊन सोडून देऊ नका, पुढच्या विषयपत्रिकेत तो परत येतोच, कधीकधी शेवटच्या पानावर.

मंजुरी मिळून गेली असेल तर

मग तीन दारं राहतात. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक पेपरात जाहिरात द्यावी लागते, ती दिसली की ३० दिवसांत एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात) अपील करता येतं, सबळ कारण असेल तर अजून ६० दिवस मिळू शकतात, आणि पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे. त्या मंजुरीतल्या अटी पाळल्या का याचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागवा आणि जागेवर जाऊन ताडून बघा. रिपोर्टमध्ये झाडं लावलेली असतात, जागेवर खड्डेसुद्धा नसतात, असं आम्ही बघितलंय.

दुसरं, तुम्ही स्वतः आधीच्या फेजमधले फ्लॅटधारक असाल तर रेराचं कलम १४. मंजूर लेआउट बदलायचा असेल तर बिल्डर सोडून बाकीच्या दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. अ‍ॅग्रीमेंटमध्ये "भविष्यातील सर्व बदलांना संमती आहे" असं बारीक अक्षरात असतं, ते बघून लोक गप्प बसतात, पण असली सरसकट आगाऊ संमती चालत नाही, त्या ठराविक बदलाची माहिती देऊन घेतलेली संमती लागते, असं कोर्टांनी सांगितलंय. महारेराला तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, सोसायटीने मिळून केली तर घरामागे चहाचा खर्च.

तिसरं, घर घ्यायचा विचार असेल तर हेच सगळं बुकिंगच्या आधी करा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, तेवढी फुरसत कायद्याने दिलीय. सेल्स ऑफिसमध्ये मॉडेल दाखवतात ते सगळ्या फेजचं असतं, तुम्ही ज्या रेरा नंबरवर सही करता त्यात फक्त तुमची फेज असते. क्लबहाउस कुठल्या नंबरखाली आहे ते विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. आणि हेही लक्षात असू द्या की सगळ्या लेआउटच्या जमिनीचं कन्व्हेयन्स शेवटच्या इमारतीच्या भोगवट्यानंतर होतं, म्हणजे शेवटची फेज जेवढी रखडेल तेवढी तुमच्या पायाखालची जमीन तुमच्या नावावर व्हायची राहील.

आमच्या पत्रातल्या तीन मागण्यांपैकी रस्त्याची अट सुधारित परवानगीत आली, एसटीपीची अर्धवट आली, हमीपत्राची प्रत आम्हाला माहिती अधिकारात वेगळी मागावी लागली. आता दर महिन्याच्या १५ तारखेला मी स्कूल बसच्या त्याच कोपऱ्यावर उभी राहून रस्त्याच्या जागेचा एक फोटो काढते, तारखेसकट प्रिंट करून सोसायटीच्या फाइलला लावते आणि एक प्रत पथ विभागाला आवक करते. गेल्या महिन्यापर्यंत मुरूम पडलाय, खडी अजून यायचीय.